रुईचे कोट आणि कंत्राटातलं कलम

मंगळवार, ७ सप्टेंबर १९६५. अकोला. जेवणाची सुट्टी संपल्यावर, शिवणखात्याला लागून असलेल्या मालकांच्या बैठकीत.

हजर: लष्कराच्या कोटांचा ठेका घेतलेले आमचे मालक. त्यांचे मुनीम. नागपूरहून आलेले पुरवठा खात्याचे इन्स्पेक्टर. चौकीवरचे जमादार. शिवणाऱ्या बायकांच्या वतीनं दोघी, एक मशीनवरची आणि एक काजं करणारी. शिवणखात्याची देखरेख करणारी मी. आणि पिंजारीण चाची, जिच्याबद्दल ही बैठक होती. ती दाराबाहेर चपलांजवळ उभी.

मी पहिल्यांदा बोलले ते एवढंच. "चाची आत येईल, मंग सुरू करा."

"बाई, ते बाहीरच बरी हाय," मालक म्हणाले. "आतली गोठ हाय."

"गोठ तिचीच हाय ना?"

"हो."

"मंग ती आत."

दाराबाहेर उभं राहा, हे वाक्य मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात मी लहानपणी पुष्कळ ऐकलं. छप्पन्न साली आम्ही घरचे सगळे नागपूरला जाऊन आलो, त्यानंतर ते ऐकून घ्यायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या कोणाला म्हटलेलंही ऐकून घ्यायचं नाही. इन्स्पेक्टरनी मान हलवली. मी माझं स्टूल चाचीला दिलं आणि उभी राहिले.

बैठकीत पुढे काय झालं ते सांगण्याआधी मागचं सांगायला हवं.

मालकांचा धंदा जिनिंगचा, कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचा. चीनशी लढाई झाली त्या हिवाळ्यात लष्कराला रुई भरलेले कोट हवे होते आणि मालकांकडे रुईला तोटा नव्हता. त्यांनी जिनाच्या मागचं गोदाम झाडून घेतलं, मशिनी आणल्या आणि मला अमरावतीच्या शिवणवर्गातून बोलावलं. तिथे मी मुलींना कटिंग शिकवत होते. मी आले, खात्याची घडी बसवली. कापणी एका भिंतीला, मशिनी उजेडाला, भरणी आडोशाला, कारण रुई उडते. भरणीवर चाची.

चाची जातीची पिंजारी. नवरा होता तोवर दोघं गावोगाव गाद्या भरत फिरायची. तो गेल्यावर तिनं एकटीनं रुई पिंजायची धनुकली चालवली. कोटात रुई सारखी पसरली नाही तर ती धुतल्यावर गोळा होते आणि पाठ उघडी पडते. चाचीच्या हातचा कोट कधी परत आला नाही. तिचा एकुलता एक मुलगा मामाबरोबर कराचीला गेला, तिथे गिरणीत लागला, तिथेच लग्न केलं. त्यानं आईला बोलावलं होतं. ती म्हणाली, "त्याच्या बापाची कबर इथी हाय. मी कुठी जाऊ?"

काम सुरू झालं त्या आठवड्यात खात्याचा माणूस एक छापील कागद घेऊन आला. सही येणाऱ्यांनी सही करायची, बाकीच्यांनी अंगठा. कागद इंग्रजी.

"याच्यात काय लिवलं हाय?" चाचीनं विचारलं.

"तोंड बंद ठेवायचं, असं लिवलं हाय," मुनीम म्हणाले.

"त्याच्यासाठी एवढा मोठा कागद?"

बायका हसल्या. मी मात्र त्या माणसाला थांबवून समजावून घेतलं. सरकारी गुपितांचा कायदा आधीपासून होता, त्यात लढाईमुळे भारत संरक्षणाचे नियम आले होते. शत्रूच्या उपयोगाची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. मग मी बायकांना आमच्या कामाच्या भाषेत सांगितलं: किती कोट, कोणत्या मापाचे, भरणी किती जाड आणि माल कुठे जातो, या चार गोष्टी गोदामाच्या दाराबाहेर न्यायच्या नाहीत. यातली तिसरी सगळ्यात नाजूक. भरणीवरून जवान कसल्या थंडीत उभे राहणार ते ओळखता येतं. रजई शिवणाऱ्या कोणत्याही बाईला ते कळेल. भरणी वाढवायचा हुकूम आला की आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि कामाला लागायचो.

हा कायदा मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. आमच्या बायकांनी तो जसा पाळला तसा कोणी पाळला असेल असं मला वाटत नाही. काजं करणारीला तिच्या नवऱ्यानं विचारलं, "किती कोट होतात वं दिवसाले?" ती म्हणाली, "तुमच्या अंगात एकच मावते. तेवढाच समजा." नवऱ्यानं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भाकरी मागायला बोलावंच लागलं.

आता पासष्टचा सप्टेंबर. पाकिस्तानशी लढाई पेटली होती. पानठेल्यावर रेडिओभोवती माणसं दाटीनं उभी राहत. अशात इन्स्पेक्टर तपासणीला अकोल्यात उतरले आणि स्टेशनबाहेर चहा पिताना त्यांच्या कानावर हमालांचं बोलणं पडलं. अकोल्याहून किती कोट गेले आणि कोणत्या स्टेशनावर उतरले, हे ते हमाल क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं सांगत होते. इन्स्पेक्टर तडक गोदामात आले. मालकांना म्हणाले, "माहिती तुमच्याकडून फुटली आहे. मंगळवारी मी परत येतो. कोणी फोडली ते सांगा, नाहीतर ठेका गेला समजा."

मालकांनी तासाभरात माणूस शोधला. कराचीत मुलगा असलेली गोदामात एकच होती. दुसऱ्या दिवशी चाची कामावर आली तर मुनिमांनी तिला फाटकातच अडवलं आणि जमादारांनी चौकीत नेऊन तिची जबानी घेतली. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले.

"बाई, मी काय केलं म्हणते जमादार?" तिनं विचारलं. "म्हणते, पोराले काय काय कळवलं ते सांग. मी सांगतलं, बकरी व्याली, गुडघा दुखते. तो म्हणे, खरं सांग. आता बकरी व्याली हे खोटं हाय का?"

"पत्रं कोण लिहिते, ते विचारलं का?"

"नाई बा. इचारलं असतं तरी मी तुमचं नाव घेतलं नसतं."

पत्रं मी लिहीत असे. चाचीला अक्षरओळख नाही. महिन्यादोन महिन्यांनी ती सुपारी घेऊन यायची, मी लिहायचे. बकरी, गुडघा, सुनेला विचारलंय, लिंबाच्या झाडाला किती निंबोळ्या आल्या. एकदा तिनं सांगितलं, "लिव, मी लष्कराचे कोट भरून राहिली." मी म्हटलं, हे लिहायचं नाही. ती म्हणाली, "मंग लिव, गाद्या भरते." तसं लिहिलं. आता लढाई लागली होती, टपाल बंद होणार असं बोललं जात होतं आणि चौकीत तिचं नाव चढलं होतं. तिला काम नाही म्हणजे चूल नाही, आणि अकोल्यात एकदा शत्रूचं माणूस ठरली की कोण तिच्याकडून गादी भरून घेणार?

मी दोन कामं ठरवली. पहिलं काम, कंत्राटात काय लिहिलं आहे ते नक्की समजून घेणं. दुसरं, माहिती खरोखर कुठून फुटली ते बघणं.

कंत्राटाच्या छापील अटी मुनिमांच्या खोलीत भिंतीवर टांगलेल्या होत्या. इंग्रजी मला समजत नाही, पण अक्षरं काढता येतात. रविवारी सकाळी मी त्या पानांची नक्कल केली. जिथे आकडे होते, गावाचं नाव होतं, तिथे रेघ मारली. मग गाडीनं बडनेरा आणि तिथून अमरावती. आमच्या समाजातले एक वकील राजकमल चौकाच्या बाजूला राहत. त्यांनी कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, इतक्या रेघा मारल्यात की मला तुमचाच संशय येऊ लागलाय."

"रेघांखाली काय आहे ते तुम्हाला सांगायचा मला हक्क नाही," मी म्हटलं. "बाकीचं समजावून सांगा."

त्यांनी ओळीवर बोट ठेवून समजावलं. जबाबदारी कंत्राटदाराची. माल, त्याची संख्या, त्यावरच्या खुणा आणि पोचवायचं ठिकाण कोणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही, ही त्याची जबाबदारी. नोकरांना समजावून सांगणं हीही त्याचीच. माहिती फुटली तर आधी जाब त्यालाच.

"कामावरच्या माणसाचं नातं सरहद्दीपलीकडे असलं तर?"

"नात्याबद्दल यात अक्षर नाही. माहिती दिली तर गुन्हा. मुलाला बकरीची खबर दिली तर तो कोणता गुन्हा, मला माहीत नाही." मग ते हसून म्हणाले, "बकरी लष्कराची नाही ना?"

मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. दुसरं काम आपसूकच समोर आलं. सोमवारी सकाळी काजं करणारी मशीनवाल्या बाईला मोठ्या आनंदानं सांगत होती, "काल गणपती पाहून आली. आपले कोट देवापुढी मांडले हाय बाप्पा! लय गर्दी!"

अकोल्यात मंडळाच्या गणपतीची आरास करताना जो तो आपल्या धंद्यातली चांगली चीज आणून लावतो. सराफ चांदीचा मुकुट देतो, कापडवाला पडदे देतो, वीजवाला दिवे लावतो. त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष आमचे मालक होते.

दीक्षा घेतल्यापासून मी गणपतीला जात नाही. पण त्या दिवशी सुट्टी झाल्याबरोबर गेले आणि बायकांच्या रांगेत उभी राहिले. देखावा हिमालयाचा होता. तरटावर चुना आणि त्यावर रुईचा बर्फ. चार मातीचे जवान, अंगात आमचे रुईचे कोट. पायथ्याशी आमच्या गोदामातले गठ्ठे रचलेले, बारदानासकट, बारदानावर काळ्या शाईचा छाप: माप, नग, स्टेशन. खरे वाटावेत म्हणून खरेच आणले होते. कमी होतं म्हणून की काय, लाउडस्पीकरवरून मंडळाचा एक उत्साही गृहस्थ सांगत होता, "हे कोट आपल्या अकोल्यात शिवले जातात! आतापर्यंत एवढे हजार कोट अमक्या स्टेशनावर रवाना झाले! बोला भारतमाता की जय!" त्यानं आकडा आणि स्टेशन स्वच्छ सांगितलं. मी इथे लिहिणार नाही. मी सही केलेली आहे.

"बाई, नमस्कार करा ना, लाइन अटकून राहिली," स्वयंसेवक म्हणाला.

"मी माल पाहाले आली," मी म्हटलं.

मंडपाच्या मागे मुनीम प्रसादाच्या पुड्या बांधत होते. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, हे गठ्ठे आजच्या आज काढा. ते चिडले. "देवाच्या कामाले कायदा लागते काय? काहून बोलून राहिल्या तुमी? मालकानं हौसेनं मांडलं."

हौस खरी होती. मालक चोर नव्हते की देशद्रोही नव्हते. जिनाच्या धुळीत आयुष्य गेलेल्या माणसाला पहिल्यांदाच वाटलं होतं की आपण काही मोठं काम करतोय, आणि ते गावानं पाहावं. पण त्यांच्या हौसेची किंमत चाचीनं का द्यावी?

तर आता मंगळवारच्या बैठकीत परत येते.

मुनिमांनी सुरुवात केली. चाचीचा मुलगा कराचीत, तिची पत्रं जातात, त्यामुळे संशयाला जागा आहे. जमादारांनी जबानी वाचली. तिच्यात बकरी आणि गुडघा होते. इन्स्पेक्टरनी विचारलं, "पत्रं कोण लिहून देतं?"

"मी," मी म्हटलं. "प्रत्येक शब्द माझ्या हातचा आहे. ती गुन्हेगार असेल तर जमादार, आधी मला न्या. माझा पत्ताही लिहून घ्या."

मालक उठून उभे राहिले. "बाई, तुमी सरकारी माणसासमोर काय बोलून राहिल्या?"

"सरकारी माणसासमोर बोलायचं म्हणूनच आली. साहेब, भिंतीवरच्या कागदातलं खुणांबद्दलचं कलम मोठ्यानं वाचा. मराठीत सांगा."

इन्स्पेक्टर मुनिमांच्या खोलीत गेले, पानं उतरवून आणली आणि वाचली. वाचता वाचता ते मालकांकडे बघू लागले, पण अजून त्यांना पूर्ण कळलं नव्हतं. मी म्हटलं, "आता माझ्यासोबत चौकापर्यंत चला. सगळे चला."

"काहून?" मालक.

"दर्शनाले."

आम्ही निघालो. पुढे मी आणि चाची, मागे सरकार, पोलीस आणि ठेका. मंडप दिसण्याआधी लाउडस्पीकर ऐकू आला. इन्स्पेक्टर रस्त्याच्या मधोमध थांबले. आकडा आला, स्टेशन आलं, भारतमाता की जय आली. जमादारांनी सवयीनं जय म्हटलं. मंडपात इन्स्पेक्टर गठ्ठ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी छाप वाचला. बाजूला दोन हमाल लेकरांना खांद्यावर घेऊन देखावा दाखवत होते. इन्स्पेक्टर मालकांना हळू आवाजात म्हणाले, "ही आरास आत्ता उतरवा."

"साहेब, विसर्जनाआधी आरास हालत नाही. लोक मले फाडून खातील."

हे मात्र खरं होतं. मला राहवलं नाही. मी मुनिमांना म्हटलं, "कनात आणा, सुतळी आणा, दाभण आणा. आणि तो भोंगा बंद करा, आरत्या लावा." कनात आली. चाची आणि मी देवाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो आणि जवान, गठ्ठे, सगळं कनातीत घेऊन शिवून टाकलं. धावदोरा नाही, दुहेरी टाका. गणपती तेवढा उघडा. चाची दाभण ओढत म्हणाली, "बाई, मूर्तीले बी आत घ्यायचं का? त्यानं तर सगळंच पाह्यलं."

इन्स्पेक्टरना हसू आवरेना. मालकांना आलं नाही.

पुढचे दोन दिवस आधीपेक्षा जास्त गर्दी लोटली. कनातीआड काय आहे ते बघायला लोक कोपऱ्यातून डोकं घालायचे. स्वयंसेवक ओरडायचा, "मागे सरा, सरकारी गुपित हाय!" विसर्जन झालं, गठ्ठे झाकून परत गोदामात आले.

मालकांना लेखी ताकीद मिळाली आणि ठेका राहिला. इन्स्पेक्टरनी जाताना सांगितलं, पिंजारीण बाईला कामावर घ्यायला हरकत नाही. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी, चाची भरणीच्या आडोशाला बसली होती. मालक एकदा तिथून गेले, थांबले आणि म्हणाले, "चाची, तुमी काई मनात ठेवू नका." चाची म्हणाली, "मनात नाई ठेवत मालक. पण चौकीत ठेवलं हाय त्याचं काय?"

तेच राहिलं. जमादारांनी चौकीत तिच्या नावापुढे शत्रुराष्ट्राशी संबंध असा शेरा मारला होता. मालकांच्या नावापुढे काहीच नव्हतं, कारण त्यांचं नाव तिथे चढलंच नव्हतं. मी जमादारांना म्हटलं, शेरा खोडा. ते म्हणाले, "बाई, चढवायचा अधिकार माहा. उतरवायचा वरच्यांचा." वरच्यांना अर्ज केला. उत्तर आलं की कागद विचाराधीन आहेत. फौजदार बदलले, पुन्हा अर्ज केला. तेच उत्तर आलं. लढाई संपली, करार झाला, आमचे कोट कधीचे विरले असतील. चाचीला मात्र त्या शेऱ्यापायी अजून दर महिन्याला चौकीत हजेरी द्यावी लागते. तिचा गुडघा पार गेला आहे, म्हणून मी सोबत जाते. नवा शिपाई प्रत्येक वेळी विचारतो, ही कोण. मी सांगते, लष्कराचे कोट भरणारी.

कायदा मी मोडलेला नाही, तिनंही नाही. शेरा खोडल्याशिवाय मीही गप्प बसणार नाही. आता आणखी एक नवे फौजदार आले आहेत. वकिलांकडून अर्ज पुन्हा लिहून आणायचा आहे आणि सोमवारी चाचीला रिक्षात बसवून चौकीवर घेऊन जायचं आहे.